चहाच्या डब्यातली पावती

अप्पा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी आज तुम्हालाच विचारायचं आहे. इथं ज्याला विचारावं तो आधी एक बाजू धरतो आणि मग बोलतो. माझ्या लेकानं, म्हणजे तुमच्या नातवानं, पंधरा दिवस फिरवून आणतो म्हणून आपल्या सहा वर्षांच्या पोरीला परदेशी नेलं आणि तिथंच ठेवून घेतलं. त्याला आता दीड वर्ष होईल. सून जळकोटला शिक्षिका आहे. तिनं लातूरच्या कोर्टात अर्ज केलाय, पण लेकरू नेमकं कुठं आहे हेच तिला ठाऊक नाही. दर रविवारी ती उदगीरला येते, माझ्या स्वयंपाकघरात बसते आणि विचारते, "आत्याबाई, पत्ता हाय का वो तुमच्याकडं?" मी म्हणते, "न्हाई गं माय." धडधडीत खोटं बोलते मी. पोरीला शेंगदाण्याची चटणी पाठवली होती, त्या कुरिअरच्या पावतीवर घर नंबरासकट सगळं आहे.

मला सारखा देवणीचा बाजार आठवतो. मी आठ वर्षांची. तुम्ही गाय वासरासकट विकलीय, दावं तेवढं रिवाजाप्रमाणं घरी ठेवलंय. घेणारा घरून न्यायला यायच्या आधी त्याच दाव्यानं मी वासरू कडब्याच्या गंजीमागं बांधते. सगळ्यांना वाटतं हरवलं, गाय एकटीच जाते. तिसऱ्या दिवशी तुम्हाला ते सापडलं. तुम्ही मारलं नाही. एवढंच म्हणालात, "तुला लळा हाय, पर दूध हाय का तुझ्याकडं?" आणि वासरू खांद्यावर टाकून चालत निघालात. संध्याकाळी परत आल्यावर मी विचारलं, गाईनं त्याला जवळ घेतलं का? तुम्ही नुसते पाय धूत राहिलात.

तेच मला कळायला हवंय, अप्पा. फोनवर पोर हसते, तिथल्या भाषेत भराभरा बोलते. लेक म्हणतो, "आई, ती हितं खुश हाय, तू मधी पडू नको." खुश दिसते खरी. त्याच्यावर पोलीस सोडायचे का मी, माझ्याच पोटच्या पोरावर? पण गेल्या आठवड्यात तो पाणी प्यायला उठला, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "आज्जी, मम्मी मला विसरली ना?" आदल्या दिवशीच तिची आई माझ्यासमोर बसून रडून गेली होती.

उद्या रविवार. तोंडानं सांगायचा धीर नाही, म्हणून पावती चहाच्या डब्यात ठेवली, आणि तिला म्हणणार आहे, आज चहा तू कर. पण तुमच्यापासून काय लपवू, सकाळपासून दोनदा ठेवली आणि दोनदा काढली. आता ती माझ्या कनवटीला आहे.