एक्केचाळीस ठिकाणी एकच नाव

१५ जानेवारी १९९४, शनिवार

औरंगाबादच्या आपल्या विद्यापीठाचं नाव बदललं! सोळा वर्षं ज्याच्या बातम्या दिल्या ते काल झालं. दैनिकाला मजकूर धाडला, तिळगूळ खाल्ला, झोपलो. आज सकाळी प्राचार्य दिनकररावांचा निरोप — "शास्त्रीबुवा, तुमचा प्रोग्राम अडलाय. सोमवारी या."

माझा प्रोग्राम! पंचेचाळिसाव्या वर्षी संगणकाचा वर्ग केला आणि त्या उत्साहात एक्क्याण्णव साली कॉलेजला दाखले छापायचा प्रोग्राम लिहून दिला. सगळा एकाच फाईलीत, चौदाशे ओळी, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. संस्कृत शिकलेल्या माणसाला लांबलचक समासाचा अभिमान असतो. मला जरा जास्तच.

१७ जानेवारी

नवं नाव जुन्याच्या दुप्पट लांब. शीर्षकात घातलं तर विद्यार्थ्याचं नाव कागदाबाहेर! ते आत ओढलं तर तारखेच्या जागी हजेरी क्रमांक. शेवटी एक दाखला निघाला — वर नवं नाव, खाली जुनं.

दिनकरराव म्हणाले, "असला दाखला शिष्यवृत्तीच्या अर्जाला चालत नाही. हातानं लिहिलेलाही यंदा घेत नाहीत. दोनशे बारा पोरं आहेत, एकतीस तारीख शेवटची. बघा बुवा."

टंकलेखिका सुमनबाईंना विचारलं, नाव एकंदर किती ठिकाणी असेल? माझे कागद बघून तेव्हा प्रोग्राम यंत्रात त्यांनीच चढवला होता. मान वर न करता म्हणाल्या, "एक्केचाळीस."

मोजलं. एक्केचाळीस!

१८ जानेवारी

आज त्यांनी विचारलंच. "सर, सोळा वर्षं बातम्या तुमीच दिल्या ना? मग नाव एक्केचाळीस जागी कसं काय कोरून ठेवलं? बदलंल असं तुमाला वाटतच नव्हतं."

म्हटलं, नवशिका होतो.

"व्हय का," म्हणाल्या आणि टायपरायटरकडे वळल्या.

त्यांचे थोरले भाऊ याच नावासाठी लाँग मार्चमध्ये पकडले गेले होते. ती बातमी माझीच. तीन ओळी. अगदी निःपक्षपाती!

१९ जानेवारी

नव्हतं वाटत. इथे लिहायला हरकत नाही.

२१ जानेवारी

एक जागा सरळ केली की दुसरी वाकडी होते. तीन दिवस हेच. बारा दाखले कचऱ्यात.

दुपारी सुमनबाई चहाचा कप घेऊन मागे उभ्या. "सर, आपल्या ऑफिसात टेबलं येगळी हायेत का न्हाई? आवक-जावकचं एक, परीक्षेचं एक. तुमच्या प्रोग्राममधी एकच माणूस दार उघडायलाय, पाणी भरायलाय, वरून सही पण ठोकायलाय. त्यानं मरावं का?"

खुर्चीत हसत बसलो. मग कागद घेतला. नाव सांभाळणारा एक तुकडा — आणि नाव तेवढं तिथेच. विद्यार्थ्याची माहिती काढणारा दुसरा. तारखेचा तिसरा. मांडणीचा, छपाईचा. कुणी कुणाच्या टेबलावर हात घालायचा नाही.

समास सोडवायला बसलो. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी!

२४ जानेवारी

तुकडे झाले. मला लगेच नवं नाव घालायची घाई. सुमनबाईंनी थांबवलं — "आधी जुन्याच नावानं छापा. तोडताना काय सांडलं ते तरी कळंल."

गेल्या वर्षीचा दाखला आणि आजचा, खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. जिंतूरच्या आश्रुबाची जन्मतारीख एक घर सरकलेली! दुरुस्त केली. पुन्हा धरले. अक्षरावर अक्षर.

चौदाशेच्या सहाशे ओळी झाल्या. उरलेल्या आठशे मी कोणावर प्रभाव पाडायला लिहिल्या होत्या?

२७ जानेवारी

खुर्चीवरून उठलो. म्हटलं, नाव तुम्ही घाला.

सुमनबाईंनी एका ओळीत टाइप केलं. प्रिंटर खडखडला. दाखला फाडून घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, बोटानं कडेची जागा मोजली.

"लय लांब हाय नाव," म्हणाल्या. "पण बसलं."

संध्याकाळपर्यंत दोनशे बारा. एकही कचऱ्यात नाही. हुश्श!

२९ जानेवारी

अर्ज गेले. पोचपावती आली. दिनकरराव म्हणतात, "शास्त्रीबुवा, आधीच असं का नाही लिहिलंत?" पोटभर जेवलो.

२२ सप्टेंबर

नांदेडला नवं विद्यापीठ झालं. आपला जिल्हा तिकडे. पुन्हा नाव! धावत कॉलेजात गेलो तर सुमनबाईंनी ओळ बदललेली, माझ्यासाठी मागवलेला चहा अजून गरम.

भीत भीत विचारलं, वाईट वाटलं का?

"थोडं वाटलं. पण ते नाव औरंगाबादला हायच की, सर. तिथून कोण काढतंय?" मग हसून, "आन् तुमी आता शिकलाव."

२३ सप्टेंबर

रद्दी काढली. त्यात प्रोग्रामचे माझे मूळ हस्तलिखित कागद — यंत्रात चढवून झाल्यावर सुमनबाईंनी दोरा बांधून परत दिलेले. तो दोरा मी कधी सोडलाच नव्हता.

पानोपानी विद्यापीठाच्या नावाखाली पेन्सिलीची बारीक रेघ, शेजारी आकडा. एक, दोन, तीन… एक्केचाळीस. शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात तारीख, ९ डिसेंबर १९९१. खाली — "बदलायच्या जागा."