लोहार कुठे गेला

प्रिय बारक्या,

बाबांनी तू बनवलेला खेळ सोडला. फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच इंटरनेट तपास, मशीन बंद करून परत चालू कर, असं सुरू केलं असतंस, म्हणून लिहितेय. इंटरनेट ठीक आहे, मशीनही ठीक आहे. मी पण ठीक आहे. दुकानात जाते, लोकांच्या नाकावर चष्मे बसवते, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचून घेते, घरी येते. हल्ली मला कशाचंच फारसं काही वाटत नाही, एवढंच. दात काढल्यावर गाल बधिर असतो ना, तसं. त्यामुळे या पत्रात रडारड नसेल, निर्धास्त वाच.

हे झालं तुमच्या मोठ्या अपडेटनंतर. मागे तू मला समजावून सांगितलं होतंस की एकट्याने खेळायचा खेळ लोक संपवतात आणि विसरून जातात; त्यात गर्दी आणली, टोळ्या आणल्या, बाजार आणला, की लोक रोज येतात. कंपनीला ते हवं होतं आणि तुलाही नोकरी हवी होती. मी नुसतं हं म्हटलं. या लोकांमध्ये बाबा धरलेत का, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

उगाच नावं ठेवायची नाहीत म्हणून मी स्वतः खेळून बघितलं. एका टोळीने मला घेतलं. त्यातली एक नर्स आहे, ड्यूटीवरून आली की आधी मला जेवलीस का विचारते आणि मग तलवार काढते. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पण ती दलदलीतली राक्षसी घोरपड आठवते? तिने अख्खा हिवाळा बाबांच्या नाकी नऊ आणले होते. तिला मारल्यावर बाबांनी शेजारच्या काकांना बोलावून बक्षीस मिळालेली वाकडी तलवार दाखवली होती, आणि काकांनी काही न कळून वा वा केलं होतं. आता त्या घोरपडीपुढे रांग असते. कुणीतरी मारतं, ती पडते, थोड्या वेळाने पुन्हा उगवते, मग पुढचा नंबर. आणि ती वाकडी तलवार आता ज्याच्या त्याच्या पाठीवर. तुमच्या खेळाचं यात नुकसान झालं का, ते तुम्ही शिकलेसवरलेले लोक ठरवा. मला एकच खटकलं. पूर्वी बाबा एक बटण दाबून चहा ठेवायला जायचे, तेव्हा ती घोरपड एक पाय वर उचलून तशीच उभी राहायची. आता खेळ थांबवायची सोयच नाही. सगळ्यांचं जग सारखंच, एकासाठी कोण थांबणार? बाबा चहा घेऊन येईपर्यंत मेलेले असणार.

आणि बाबांना थांबणाऱ्या जागेची फार गरज होती रे. फोनवर तुला ते कळायचं नाही, कारण दर रविवारी तुझ्याशी हवापाण्याचं बोलून ते वेळ मारून न्यायचे. पाव आणायला गेलेल्या बाबांना कुणीतरी हाताला धरून परत आणायचं. घरातल्या घरात न्हाणीघर सापडत नाही, मग दाराशी उभे राहतात, आणि मी काही बोलले नाही तर तसेच उभे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, पण यातून माघारी येणं नाही, असंही सांगितलंय. पण खेळात, वेशीतून डावीकडे, विहिरीला वळसा घालून, पिंपांच्या ढिगामागे लोहाराची भट्टी, हा रस्ता ते एकदाही चुकले नाहीत. तिथे जायचं, खेळातल्या आपल्या शिपायाला भट्टीजवळ खाली बसवायचं आणि लोहाराचं बोलणं ऐकत राहायचं. दुसरं काही करायचंच नाही. मी भाजी निवडत बाजूला बसायचे, माझाही तेवढाच आराम.

तो लोहार कसा झाला ते तू विसरला नसशील. तेव्हा तुम्ही चार टाळकी होतात, आवाज द्यायला माणूस लावायची ऐपत नव्हती, म्हणून तू स्वतःच आवाज भरायला आपल्या पांघरुणांच्या कपाटात शिरलास. आत आवाज घुमत नाही म्हणालास. बाबा टॉर्च धरून तुझ्याबरोबर आत कोंबलेले, आणि मी बाहेर हसू दाबून. "या पाहुणे, धार गेली वाटतं," हे तू म्हणालास आणि मागे बाबांना खोकला आला. तुम्ही तो काढलाच नाहीत, लोहाराकडे धूर असणारच म्हणून. आणि दुसरं वाक्य तर तू त्यांचंच उचललंस. लिफ्ट दुरुस्त करायला गेले की आत अडकलेल्या माणसाला ते दाराच्या फटीतून जे सांगायचे, तेच. "घाई नाही, मी कुठे जात नाही."

अपडेटनंतर बाबा वेशीतून आत गेले तर ही गर्दी. कुणी उड्या मारतंय, कुणी पंखवाल्या अस्वलावर बसलंय, प्रत्येकाच्या डोक्यावर नाव. तरी डावीकडे वळले, विहिरीला वळसा घातला. भट्टीच्या जागी नुसता एक फलक होता. बाबांनी हात लावला आणि तलवारीला आपोआप धार लागली. लोहारापाशी रांगा लागतात म्हणून तुम्ही तो काढलात, हे मला नंतर टोळीतल्या नर्सने सांगितलं. बाबांनी मला विचारलं, लोहार कुठे गेला? मी म्हटलं, आता असंच आहे. ते त्यांना पटलं नाही. मग एका बोटाने अक्षरं शोधून शोधून त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायला सुरुवात केली, लोहार कुठे गेला. एकाने हसून दाखवलं. एकाने चांगुलपणाने घोडा दिला. बाबांनी घोडा घेतला आणि त्यालाही तेच विचारलं. लोहार आजारी आहेत का, असंही बाबांनी लिहिलं. शेवटी पडद्यावर सूचना आली की हा खेळाडू एकच मजकूर पुन्हा पुन्हा पाठवतोय, सबब त्याचं बोलणं बंद करण्यात येत आहे. बाबांनी ती माझ्याकडून वाचून घेतली. मग वायर नीट गुंडाळून सगळं फळीवर ठेवलं, कामावरून आल्यावर पान्हे ठेवायचे तसं.

गेल्या फोनवर त्यांनी तुला राँग नंबर म्हटलं. तू फोन ठेवलास, आणि नंतर केला नाहीस. मी रागावलेली नाही. मला ते चष्मेवाल्या बाई म्हणतात, अहोजाहो करतात, चहा दिला की उपकार झाले म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी मोरीत जाऊन सगळी भांडी घासली, स्वच्छ होती तीही. आता तेही करत नाही.

पण काल एक झालं, आणि ते सांगायलाच हे सगळं लिहिलं. मी दुकानातून आले, त्यांना सांभाळणाऱ्या बाई निघाल्या, आणि आत बघते तर बाबा पांघरुणांच्या कपाटाचं दार उघडून उभे. आत वाकून हलकेच विचारत होते, "आहात का?" जरा वाट बघितली, दार लावलं. आज सकाळी पुन्हा तेच. मुलगा आहे हे त्यांच्या डोक्यातून गेलंय बारक्या, पण त्याचा आवाज कुठून यायचा ते राहिलंय. जुना खेळ परत आण, कंपनीशी भांड, असं मी म्हणत नाही. तू ये. मी तुमचा मुलगा, असं काही सांगत बसू नकोस, ते ओशाळतील आणि खुर्ची पुढे करतील. त्या कपाटाशी जा आणि लोहाराचं बोल, धार गेली वाटतं, म्हण. मागे खोकला ते स्वतःच देतील. बेल वाजव, हल्ली दाराला आतून कुलूप असतं. आणि दुसरं वाक्य म्हणालास, तर मग खरंच थोडे दिवस कुठे जाऊ नकोस.

तुझीच,
ताई