जुईच्या तोंडची वाक्यं

सोम., ६ ऑक्टो.
गाऊन मी शिवायचा, मोती मी टाचायचे, आणि पोरीची वाक्यं मागितली की नाटक बसवणाऱ्या सबनीसबाई म्हणणार, "बघू हं वहिनी." काय बघू? इथे आखातातल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात आमची जुई हॉलिवुडची जुनी नटी झालीय, डेला रेन. मुक्या सिनेमाच्या काळातली. पहिला अंक नुसते हातवारे. ठीक. दुसऱ्यात सिनेमा बोलायला लागतो, मग डेलापण बोलते. ती पानं जुईला दिलेलीच नाहीत. सबनीसबाई म्हणतात झेरॉक्स कमी पडली. सगळ्यांना पुरली, हिलाच कमी पडली?

बुध., ८
मत्रहच्या सूकातून, जुन्या बाजारातून, साटीन आणलं, क्रीम कलर. डेलाच्या फोटोत कानापर्यंत उंच गळपट्टी, तशीच पाहिजे म्हणे. बरक्याला घरी परत येताना गाडीत ह्यांना म्हटलं, पोरगी मराठी अडखळत बोलते म्हणून तिला मुकी ठेवतायत. हे म्हणाले, "मेन रोल आहे ना, जाऊ दे." मेन! दुकानाच्या काचेतला पुतळापण मेनच, सगळ्यांच्या पुढे उभा असतो. एरवी मला उलट बोलणारा माणूस पुढे रस्ताभर रेडिओची स्टेशनं बदलत बसला. ह्यांना काहीतरी ठाऊक आहे.

शुक्र., १०
सीबला मंडळाच्या हॉलवर तालीम. फिटिंगचं निमित्त करून गेले. गळपट्टी घट्ट झालीय. जुईला म्हटलं, मान वळेना, बोलशील कशी, सैल करते. "राहू दे आई, चालेल." का चालेल?

सबनीसबाई पोरांना डेलाची गोष्ट सांगत होत्या. परदेशातल्या पाववाल्याची मुलगी. कंपनीवाल्यांनी नाव बदललं, भुवया कोरल्या, जिकडेतिकडे तिचे फोटो. मग बोलपट आले. बाईने तोंड उघडलं, थेटरातले लोक उच्चाराला हसले, आणि सगळं संपलं. परत बापाच्या भट्टीवर. तोंडात टाचण्या धरून ऐकत होते. हसणाऱ्यांना कोणी काही बोललं नाही का?

जुईने पहिला अंक केला. नुसती मान उचलून बघितलं तर चहा वाटणारेपण थांबले. मीपण. असो.

मग दुसरा. जुई ओठ हलवते, आवाज पडद्यामागून. ईशा, सबनीसबाईंची भाची, पुण्याहून आलेली. छान बोलते, खोटं का लिहू. पण तोंड माझ्या पोरीचं आणि आवाज बाईंच्या भाचीचा? टाचण्या काढल्या आणि बाईंना विचारलं. "वहिनी, हे मी ठरवलेलं नाही. घरी विचारा." झाल्या मोकळ्या.

शनि., ११
ह्यांना धरलं. रिमोट शोधायला लागले. म्हटलं खलास, आता सांगायचं. तर जुईनेच मागितलंय. पहिल्या वाचनाला बाईंच्या प्रतीतून दोन वाक्यं वाचली, लोक हसले. पोरं नाही, मोठी माणसं. तिने बाईंना सांगितलं, मी काम करते, बोलायला दुसरं कोणी घ्या. आणि बाबाला शपथ, आईला कळू द्यायचं नाही.

मला का नाही? जुई इंग्लिशमधून सुरू झाली. मराठीत सांग म्हटलं. बराच वेळ शब्द जुळवत बसली. मग म्हणाली, "ते हसतील ते चालेल मला. तू पहिल्या लाइनमध्ये असणार. तू उठून भांडणार. मग सगळे तेच रिमेंबर करणार."

भांडणारच की. नको भांडू?

रवि., १२
झोप नाही. कोण हसलं ते ह्यांना विचारलं, नावं सांगत नाहीत. सबनीसबाई हसल्या असणार. ईशाला आधीच पाठ होतं, त्याचं काय?

सकाळी जुईला सांगितलं, मी समोर बसत नाही, आत विंगेत सुई घेऊन उभी राहते. कोणी हसलं तरी बाहेर येणार नाही. तिने मान हलवली. तिला खरं वाटलेलं नाही. मलापण नाही.

पण गाऊन अजून माझ्याकडे आहे. नाटक शुक्रवारी. बोलायचं असेल तर गळपट्टी उसवून सैल करावी लागेल, मोती परत लावावे लागतील, त्याला एक दिवस जाणार. ओठच हलवायचे तर आहे तशी राहू दे. बाईंना नाही विचारत, बाबाला नाही. जुई, बुधवारी शाळेतून आलीस की तू सांगायचं, उसवू का नको. मराठीत.