अर्ध्या मोराची हकीकत

जव्हार,
भाद्रपद वद्य सप्तमी, शके १८३५

तीर्थस्वरूप सौ. मावशीस,

अनंताचा जव्हारच्या धुक्यातून पेणच्या दिशेने साष्टांग नमस्कार. (दिशा चुकली असेल तर पोचेल तिथे पोचो. इथे सकाळी स्वतःचे पायही दिसत नाहीत.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला कमी झाला का, की अजून पाहुणे उठावेत म्हणून मुद्दाम खोकतात? म्हैस व्याली असेल. तुझ्या नाकाला सर्दी वगैरे नाही ना? नाकाची चौकशी आजवर कधी केली नाही, आजच का करतो, ते पुढे कळेल.

तुझं पत्र पोचलं. दसऱ्याला तू काकांना घेऊन इथे येणार आणि भाच्याची चित्रं डोळे भरून पाहणार, हे वाचून मला काय वाटलं ते मागाहून लिहितो, आधी इथली हकीकत.

मी इथे आलो तो देखावे रंगवायला, हे तुला ठाऊक आहे. दऱ्या, डोंगर, शिरपामाळावरचा सूर्यास्त. पण इथल्या लोकांना देखावा दाराबाहेर पाऊल टाकलं की फुकट दिसतो, तो भिंतीवर कशाला हवा? त्यांना हवी होती माणसं, आणि माणसांतही म्हाताऱ्या बायका. घरोघरच्या कर्त्या मुलांना आपली आई (समोर जिवंत बसलेली असताना) तेलरंगात भिंतीवर टांगायची एकाएकी हौस आली होती. पहिलं काम मिळालं ते कारभारीसाहेबांच्या मातोश्रींचं. मी नुकताच शिकून आलेला शहाणा. जसं दिसलं तसं काढलं. सुरकुतीच्या जागी सुरकुती, पडलेल्या दाताच्या जागी खिंडार, हनुवटीखाली दुसरी हनुवटी. आईसाहेबांनी चित्र पाहिलं आणि आत जाऊन सुनेला सांगितलं की चिताऱ्याला उद्यापासून ताक देऊ नको. मावशी, ज्या घरात माणसाचं ताक बंद होतं तिथे त्याचं पुढे काय होतं, हे मी तुला सांगायला नको.

दुसऱ्या खेपेला सुधारलो. सुरकुत्या तेवढ्या पुसल्या. दात बसवले. डोळे जरा मोठे केले, दुसरी हनुवटी पहिलीत जिरवली. आणि सगळ्यांत आधी कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण उडवलं, कारण ते हिरवट ठिपके मला गोऱ्या रंगावर भिंतीला ओल आल्यासारखे दिसत होते. आईसाहेब चित्रासमोर बराच वेळ बसल्या. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, लग्नात मी अश्शीच होते. (त्यांच्या लग्नाला हजर असलेल्या त्यांच्या नणंदेने त्याच वेळी असा काही चेहरा केला की मी तिकडे पाहायचं टाळलं.) ताक पुन्हा सुरू झालं. त्यात जिरं आलं. चार दिवसांनी ताकाबरोबर घारगे आले.

तिथून माझी गाडी जी सुटली ती सुटलीच. फडणिसांच्या सासूबाई झाल्या, जमादारांच्या आत्या झाल्या, आणखी दोघी झाल्या, आणि प्रत्येक घरात एकच बोलणं, की हुबेहूब काढलं हो! हातात ब्रश धरला की माझा मलाच आदर वाटायला लागला. अडचण होती ती एकच, हवेची. इथल्या पावसाळ्यात तेलरंग वाळतच नाही. जमादारांच्या आत्या कोरड्या व्हाव्यात म्हणून त्यांना मी चुलीवरच्या शिंकाळ्याशेजारी टांगलं, तर त्या धुराने दोन बोटं सावळ्या झाल्या. मी सांगितलं, हा कांतीचा गंभीरपणा आहे. त्यांना ते इतकं पटलं की आता येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच ऐकवतात.

इथे एक रिवाज सांगायला हवा, नाही तर पुढचं कळणार नाही. जिवंत माणसाचं चित्र उघडं ठेवलं तर त्याला दृष्ट लागते, असं इथे सगळे मानतात. म्हणून प्रत्येक घरात चित्रावर जरीचं फडकं. सणासुदीला घरच्यांनी उघडायचं, ओवाळायचं, पुन्हा झाकायचं. परक्या नजरेला दाखवायचं नाही. मला या रिवाजाचं हसू यायचं. आता वाटतं, याच रिवाजाने मला इतके दिवस जगवलं.

कारण गेल्या महिन्यात कारभारीसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "दसऱ्याला बाहेरगावचे बडे पाहुणे येणार. माझ्या नव्या दिवाणखान्यात सगळी चित्रं ओळीने लागतील, फडकी काढून. ज्यांची चित्रं त्याही समोर बसतील. पाहुण्यांना पसंत पडलं तर तुमची कायमची नेमणूक, हसं झालं तर घाटाखाली जाणारी बैलगाडी दारात उभी असेल." मी मान डोलवली. वार्निशचा हात द्यायला म्हणून पाचही घरांतून चित्रं खोलीवर आणवली, भिंतीला ओळीने उभी केली आणि एकेकीवरचं फडकं काढलं.

मावशी, भिंतीला टेकून पाचही ठिकाणी तूच बसली होतीस.

लुगडी वेगळी, नथी वेगळ्या, आत तू. तेच सरळ आणि शेंड्याला जरा उचललेलं नाक. तीच डावी भुवई, भाजीवालीने भाव सांगितला की चढते ती. मग उमगलं. शिकत होतो तेव्हा माझ्यासमोर फुकट बसायला सगळ्या पेणमध्ये कोणी तयार नव्हतं, तुझ्याशिवाय. तू ओटीवर वाल सोलत बसायचीस आणि मी तुला काढायचो, रोज, पावसाळेच्या पावसाळे. तेव्हापासून हाताला म्हातारी बाई म्हणजे तू एवढंच माहीत. ज्या बाईचं जे जे म्हणून तिचं स्वतःचं होतं ते मी खुबसुरतीसाठी पुसलं, आणि रिकाम्या जागी हाताने गुपचूप तुला बसवलं.

दुसऱ्या दिवशी माघीआजी आल्या. या पोशेऱ्याच्या देवराम पाटलांच्या आई. भात आणि नागलीची भरपूर शेती, सबंध गाव त्यांच्या शब्दात, आणि शब्द भलताच खणखणीत. त्यांचं चित्र हे सहावं, नुकतंच पुरं झालेलं. बाकीची मी घाईने भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि मोठ्या ऐटीत यांच्यावरचं फडकं काढलं. आजींनी पाहिलं, जवळ गेल्या, कॅनव्हासला नाक लावलं. मग मला विचारलं, "ही कोन बाय? मी नाय हिला वलखत. माझा गोंदन कुठं गेला?" मी समजावलं, की आजी, ते डाग होते, मी काढून टाकले, आता कशा तरुण दिसता. त्यावर त्या माझ्यावर जे बोलल्या त्यातलं अर्धं मला कळलं नाही आणि उरलेलं तुला लिहिता येत नाही. मथितार्थ असा, की सोनं-नाणं सुना वाटून घेतात, गोंदण तेवढं बाईबरोबर वर जातं. "तूं तर माझा सगलाच पुसलास. वर माना कोन वलखील?" आजी म्हणाल्या, दसऱ्याला मी सगळ्यांदेखत सांगेन, ही मी नव्हं.

मी पाय धरले. जसं आहे तसं गोंदण परत काढून देतो म्हटलं. आजी समोर बसल्या, बाही वर सारली, आणि मी कपाळावरची चंद्रकोर, हनुवटीवरचे ठिपके, मनगटावरची तुळस असं उतरवत कोपरापर्यंत आलो. तिथे एक मोर होता. म्हणजे डोकं, मान आणि छाती होती. पिसारा नव्हता. जेवढा होता तेवढा काढून मी ब्रश खाली ठेवला, तर आजी हलेनात. मग एवढी जबर बाई एकदम लहान मुलीसारखी हळू बोलली. लहानपणी गोंदणारीण आली, सुई सोसवली नाही, मोर अर्धा झाल्यावर त्या पळाल्या आणि भाताच्या कणगीत लपल्या. गोंदणारीण पुन्हा त्या वाटेला आली नाही. "अर्धा मोर घेऊन वर कशी जाऊ रं? तूं पुरा कर. चित्रात चालंल."

मावशी, मला भडभडून आलं. सबंध जव्हारला मी फसवून खूश केलं, आणि ज्या बाईला फसवून घ्यायचं नव्हतं तिलाही शेवटी थोडंसं खोटं हवंच होतं. फक्त ते कुठे हवं, ते तिचं ती जाणून होती. मी सगळा दिवस त्या पिसाऱ्यावर घालवला. आजी जाताना नागलीच्या भाकरी आणि एक कोंबडी ठेवून गेल्या. (कोंबडी जिवंत आहे. मला कापवत नाही. सध्या ती रंगाच्या पेटीवर बसते.)

आणि तिथेच मला वाट सापडली. बाकीच्या पाचजणींना निरोप पाठवला, की दसऱ्यासाठी गोंदण उतरवायचं आहे, बसायला या. आल्या. माघीआजींच्या मोराची बातमी माझ्याआधी गावभर फिरलेली होतीच. कारभाऱ्यांच्या आईसाहेबांना मुळात नसलेलं तुळशीवृंदावन हवं झालं. फडणिसांच्या सासूबाईंनी विंचू मागितला, तो पाहून आत्याबाईंनी दोन विंचू मागितले. हिरवा रंग संपला, मग निळ्यात पिवळा कालवून भागवलं. पण गोंदण बसलं आणि चमत्कार झाला. नाक तेच, भुवई तीच, तरी जो तो लांबूनच ओळखायला लागला, ही अमकी, ही तमकी. नाकाकडे कोणी बघतच नाही. मी वाचलो, असं समजायला हरकत नाही.

काकांना नमस्कार, म्हशीच्या पाठीवर माझी थाप, आणि शेजारच्या भागीरथीकाकूंना सांग की मी हरवलेलो नाही, फक्त जव्हारला आहे.

तुझ्याच जिवावर जेवणारा,
अनंता

ता. क. दसऱ्याला तू येऊ नयेस असं वाटतं. घाट वाईट, गाडीचे दांडे जुने, थंडी मरणाची, शिवाय वाघ. तुळशीच्या लग्नानंतर ये, तोवर वाघ कमी होतात. खरं कारण तुला कळलंच आहे. त्या ओळीसमोर तू नुसती येऊन उभी राहिलीस की माझी नेमणूक गेली.

ता. क. दुसरा. गाडी ठरवून बसली असशील, तर दिवाणखान्यात पदर नाकापर्यंत ओढून बस. कोणी विचारलं तर दाढ दुखते म्हण. भुवई मात्र आवर.

ता. क. तिसरा. पत्र चिकटवणार तोच माघीआजी आल्या, मोर वाळला का बघायला. सहाही चित्रं उघडी होती. त्या ओळीवरून एकदा गेल्या, परत आल्या, आणि म्हणाल्या, "गोंदन जिचा तिचा हाय, पन आत बसलेली बाय एकच हाय. कोन ती?" थाप मारायला तोंड उघडलं, पण या बाईपुढे थाप निघेना. माझी मावशी, म्हटलं. मला वाटलं आता दसऱ्याची वाट पाहायलाच नको. आजींनी एवढंच विचारलं, "मंग तिचा गोंदन कसा हाय?"

आणि मावशी, मला सांगता येईना. डोळे मिटून तुझी वाल सोलणारी बोटं काढीन, पण तुझ्या कपाळावर काही आहे का, हनुवटीवर आहे का, काही आठवेना. पहिल्या दिवशीच डाग समजून पुसलं असणार, आणि मग इतके पावसाळे तुझ्याकडे बघून बघितलंच नाही. मला फार वाईट वाटलं गं.

तेव्हा वरचे दोन्ही ता. क. खोड. गोंदण काय आहे ते पत्राने कळवू नकोस. तूच ये, दसऱ्यालाच ये, पदर डोक्यावरच ठेव. बैलगाडी दारात आली तर परत तिघं मिळून जाऊ, कोंबडीसकट. आणि येताना वाल घेऊन ये. नुसतं बसून राहायला तुला कधी जमलेलं नाही.