विषय : ढब्बूची विनापरवानगी अदलाबदल

प्रिय वन्सं,

मंगळवार, अकरा नोव्हेंबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. आठवतंय ना? चारची गोळी देऊन नर्स गेली आणि मी खाली कॅन्टीनमध्ये चहा प्यायला गेले. खेळाची दोन्ही यंत्रं, तुमचं आणि माझं, पलंगावरच्या जेवणाच्या टेबलावर ठेवून गेले. तुमच्या भरवशावर! साडेचारला परत आले, तर तुम्ही गाढ झोपलेल्या. चष्मा लावून. चष्मा लावून कोण झोपतं हो?

तेव्हाच संशय यायला हवा होता. दोन यंत्रं जोडायची वायरसुद्धा उलटी गुंडाळलेली होती. पण मी फक्त तुमचा चष्मा काढून ठेवला. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. त्यानंतर महिनाभर मी त्या खेळाला हात लावला नाही. परवा लावला, म्हणून हे पत्र.

माझा ढब्बू तुमच्याकडे काय करतोय?

मुळात या नादाला मला लावलंत तुम्हीच. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडून तुम्ही पडून होतात, तेव्हा मीनलने तिच्या लहानपणीचं ते हातात धरायचं यंत्र माळ्यावरून काढून दिलं. रानातले चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे, दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचे. मी नाक मुरडलं होतं. मीनल मोठी होत असताना मी तिला त्यासाठी किती ओरडले होते! आणि तुम्ही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेली बाई, आठवडाभरात आखाड्यामागून आखाडे जिंकत सुटलात.

मग मीनलकरवी दुसरं जुनं यंत्र मागवलंत. माझ्यासाठी.

"वहिनी, यातले काही प्राणी एकट्याकडे वाढतच नाहीत. दुसऱ्याच्या यंत्रात धाडले की मगच मोठे होतात. मला वायरच्या त्या टोकाला माणूस हवंय."

"वायरच्या टोकाला माणूस शोधायची सवय गेली नाही अजून," मी म्हटलं. पण बसले.

ढब्बू मला पहिल्याच दिवशी मिळाला. हिरवा, पोट सुटलेला, कानांच्या जागी दोन पानं. तुम्ही हसलात. "याने काही होणार नाही, वहिनी. दुसरा घ्या." मी घेतला नाही. सदतीस वर्षं शाळेत काढली, मागच्या बाकावरचं पोर बदलून दुसरं घ्या, असं मी कधी म्हटलं नाही. पण हेही खरं की त्याला मी लढू दिलं नाही. गवतात कुणी आडवं आलं की पळ काढायचा, खरचटलं की दवाखाना. दुसरे प्राणी पुढे करून आखाडे जिंकल्याचे दोन बिल्ले कसेबसे मिळवले आणि त्यानंतर सहा महिने खेळातल्या दुसऱ्या गावातून पाऊल बाहेर टाकलं नाही.

"अहो, तो मरत नाही," तुम्ही वैतागायचात. "बेशुद्ध पडतो फक्त. दवाखान्यात नेला की टणटणीत. पुढे चला ना जरा!"

खेळातला दवाखाना! बाई हसते, पाच सेकंद गाणं वाजतं, आणि सगळे उभे राहून बाहेर. तुम्हाला आम्ही अकरा दिवस ठेवलं होतं, वन्सं. गाणं काही वाजलं नाही.

असो. परवाचं सांगते. यंत्र सुरू केलं, तर ढब्बूच्या जागी तुमचा तो निळा, शिंगवाला, पंखवाला राक्षस. लेव्हल एकसष्ट! आणि नाव? इंग्रजी मोठ्या अक्षरांत, 'वहिनी'. इतके महिने तुम्ही त्या आग ओकणाऱ्या धुडाला माझ्या नावाने वाढवत होतात आणि मला पत्ता नाही! बदलायला गेले, तर बदलताही येत नाही. नाव फक्त मूळ मालकाला बदलता येतं म्हणे. मालकाच्या रकान्यात 'शकू'. हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर तुम्हाला शकू म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, हे मला त्या इवल्याशा पडद्यावर वाचून कळावं?

वर तो प्राणी माझं ऐकत नाही. हल्ला कर म्हटलं की पडद्यावर येतं, वहिनीने तोंड फिरवलं. पुन्हा सांगितलं की, वहिनी झोपली. मी मीनलला फोन केला. ती हिंजवडीत ऑफिसात होती. इतकी हसली की मीटिंग सोडून तिला बाहेर यावं लागलं.

"आत्याने नाव काय चपखल ठेवलंय गं आई!"

"हसणं झालं असेल तर उपाय सांग."

"उपाय नाही. दुसऱ्याने वाढवलेला प्राणी आहे तो. तुझ्याकडे दोनच बिल्ले. आणखी आखाडे जिंकलीस की ऐकेल. तोवर तुला मोजणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि आई, ढब्बू हवा असेल तर लवकर परत घे. आत्याच्या यंत्रातली खेळाची कॅसेट माझ्या शाळेच्या दिवसांतली आहे. तिच्यातला सेल संपला की सगळं पुसलं जातं."

मी ती कॅसेट घेऊन कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्या रफीकभाईंकडे गेले. त्यांनी भिंग लावून पाहिली.

"मॅडम, सेल बदलून देतो. पण काढला की आतलं सगळं गेलं. तसाच ठेवला तर आठ दिवस चालेल, नाहीतर महिनाभर. गॅरंटी नाही."

"मग काय करू?"

"जे काढून घ्यायचंय ते काढून घ्या. यांची होती का?" त्यांनी कॅसेटवरची चिकटपट्टी दाखवली. तुमच्या अक्षरात 'शकू'. मी मान हलवली. त्यांनी ती कापडाने पुसून परत दिली.

घरी आले, वायर जोडली, दोन्ही यंत्रं मांडीवर घेतली. तुमचं पहिल्यांदाच उघडत होते. मला वाटलं होतं, राक्षसांची फौज दिसेल. फौज कोठारात बंद. बरोबर एकटा ढब्बू. नवव्या लेव्हलला माझ्याकडून गेला होता, तो अकराव्या लेव्हलला. म्हणजे त्या शेवटच्या दोन दिवसांत, मी आंघोळीला घरी येत होते तेवढ्या वेळात, तुम्ही त्याला लढवलंत? सलाइनच्या हाताने? आणि जिंकवलंत?

बरोबर न्यायला तुम्हाला तोच सापडला?

अदलाबदलीला दोन्हीकडून होकार लागतो. माझ्या यंत्रावर विचारलं, देऊ का? मी हो दाबलं. मग तुमच्या यंत्रावर तोच प्रश्न आला. माझा अंगठा बटणावर होता. वन्सं, तुम्ही माझ्या वतीने हो दाबून मोकळ्या झालात. मला तुमच्या वतीने दाबता येईना. मला तो अधिकार कुणी दिला? किती वेळ बसले कोण जाणे. दूधवाल्याने दोनदा बेल वाजवली, उठले नाही. शेवटी वायर उपटली.

तेव्हापासून घरात बसवत नाही. उठते, तुमच्या खोलीत जाते, यंत्र उघडून ढब्बू आहे का बघते, बंद करते. दिवसातून सात-आठ वेळा. बघून बघून सेल लवकर संपेल का हो? मीनलला विचारायची हिंमत होत नाही.

आता ऐका. वचन देते. मी दुसऱ्या गावातून निघतेय. उद्या सकाळीच. हरले तर हरले, दवाखाना आहे. सगळे बिल्ले मिळवीन आणि तुमच्या त्या उर्मट वहिनीला माझं ऐकायला लावीन. नाव बदलणार नाही, येत असतं तरी.

पण ढब्बूचं काय, ते तुम्ही ठरवायचं. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर तोंडी सबब ऐकत नसत, लेखी मागत. मीही लेखीच मागतेय. त्याला परत घेऊ का, हो की नाही, एवढंच कळवा. येत्या गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांच्या आत. गुरुवारी आपल्याकडे पाणी नसतं, मी घरीच आहे. वायर जोडून बसेन.

उत्तर आलं नाही, तर तो तुम्हाला हवा आहे असं मी समजेन आणि पुन्हा मागणार नाही. त्याला फार पळवू नका. खरचटलं की लगेच दवाखान्यात न्या.

तुमची,
अजून रागावलेली वहिनी
बिबवेवाडी, पुणे