डिस्क कोणी अडवली?

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं आणि जीव भांड्यात पडला. पट्टी निघेपर्यंत तुला वाचायची बंदी आहे, तेव्हा हे पत्र काकाच वाचून दाखवतील. (तुमचा अबोला अजून चालू आहे, ठाऊक आहे. पण वाचून दाखवणं म्हणजे काही बोलणं नव्हे.) या अबोल्याने माझा जीव तुटतो, पण आज तो विषय नको.

शनिवारी मी का आलो नाही ते सांगतो. एका सर्व्हरवरच्या जुन्या डिस्क काढल्या की सुट्टी, असं साहेबांनी कबूल केलं होतं. तुला वाटेल, स्क्रूड्रायव्हर घेतला की झालं. तसं नसतं गं. डिस्क असते पलीकडच्या खोलीतल्या कपाटात, आणि एखादी केबल तुटली तर अडू नये म्हणून तिच्यापर्यंत चार वाटा ठेवलेल्या. सर्व्हर भोळा, त्याला एकीच्या चार दिसतात. मग मल्टीपाथ नावाचा प्रोग्राम त्याची समजूत घालतो की बाबा रे, ही एकच आहे. काढतानाही शिस्त असते: आधी डिस्कचा वापर थांबवायचा, मग मल्टीपाथमधलं नाव काढायचं, मग एकेक वाट पुसायची, आणि त्यानंतरच कपाटवाल्याला म्हणायचं, आता ने. उलट केलं तर सर्व्हर नसलेल्या डिस्कला हाका मारत बसतो. (हसू नकोस. मला त्याची दया येते.)

पहिल्याच कमांडला उत्तर आलं, डिस्क वापरात आहे. अकाउंट्सच्या मॅडमना चालू काम बंद करायला लावलं. पुन्हा तेच. बॅकअपवाल्याशी भांडलो, तो बिचारा त्या डिस्कच्या वाटेलाही गेला नव्हता. सगळा मजला माझ्यावर खार खाऊन. शेवटी डिस्क कोण वापरतंय हे सांगणारी कमांड दिली, तर एकच नाव आलं: माझं. सकाळी आत काय आहे ते बघायला मी तिच्या फोल्डरात शिरलो होतो, आणि तिथेच ठाण मांडून इतरांना उठवत होतो. मी बाहेर पडलो आणि डिस्क मुकाट निघाली. तोवर गाडी गेली होती.

मग रिकाम्या ऑफिसात विचार करत बसलो. तू मला फोन करतेस, "त्यांना म्हणावं, गोळी घ्या." काका फोन करतात, "तिला चहा हवाय का विचार." तुम्ही दोघं एका घरात, मी दुसऱ्या गावात, आणि निरोप माझ्यामार्फत. वर मीच सगळ्यांना सांगत फिरतो, की या दोघांचं काय करावं कळत नाही.

डोळा चोळू नकोस. काळजी घे.

तुझा भाचा

ता. क. काका, हे तुमच्यासाठी. आजपासून मी निरोप पोचवणार नाही. चहाचं तुम्हीच विचारा.

ता. क. पुन्हा एकदा. शनिवारची गाडी खरोखरच चुकली. रविवारची मी मुद्दाम सोडली. आलो असतो तर आत्याच्या उशाशी मी बसलो असतो, आणि तुम्ही बाहेरच्या खोलीत.