किप्पूरच्या दिवशीचा घास

लाडक्या आई,

मोगादोरहून तुझी फ्रेहा तुझ्या हातांचा मुका घेते. मी ठणठणीत आहे, हे आधी वाच आणि मगच पुढचं.

योम किप्पूरच्या उपवासाला मी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. गेल्या वर्षी बाळ गेलं, म्हणून यंदा पुन्हा पोटात बाळ असताना देवापुढे कशातच कमी पडायचं नव्हतं. दुपारी सिनेगॉगमध्ये डोळ्यांपुढे अंधारी आली. सासूबाईंनी मला घरी आणून निजवलं आणि तशाच रब्बींकडे गेल्या. परत आल्या त्या निखाऱ्यावर ठेवलेलं कालचं सूप घेऊनच बसल्या.

"तोंड उघड."

"अहो आई, आज? वर्षाचा निवाडा आज होतो!"

"रब्बी म्हणाले, देवानं नेम दिले ते जगण्यासाठी. तुझ्यासाठी आज खाणं हाच नेम. उघड म्हणते ना!"

त्या किती कडक, तुला ठाऊकच आहे. स्वतः कोरड्या ओठांनी मला थोडं थोडं भरवत होत्या. मला रडू आलं, तर डोक्याच्या रुमालानं माझं तोंड पुसून हळूच म्हणाल्या, "माझं पहिलं असंच किप्पूरला गेलं. माझ्यासाठी रब्बींना कुणी विचारलंच नाही गं."

संध्याकाळी गल्लीच्या टोकाला उपवास सुटल्याचं शिंग वाजलं, तेव्हा बाळानं लाथ मारली. सासूबाईंचा हात माझ्या पोटावरच होता. खायचं विसरून त्या तशाच बसून राहिल्या.

बाबांचा खोकला कसा आहे? सुक्कोतच्या सणाचा मांडव यंदा कोण घालतंय? हनुक्काच्या दिव्यांना तू इथे येशील का? भीती वाटते असं नाही. तू ये, एवढंच.

तुझ्या कुशीतली,
फ्रेहा